पदोन्नतीचा कागद

गेल्या वर्षी जिल्हा परिषदेतून आमच्या पदोन्नतीचा कागद आला. कनिष्ठ सहायकाचे वरिष्ठ सहायक, आणि जालन्याऐवजी मंठा. शेजारी मुबारकबाद द्यायला आले आणि आम्ही नवरा-बायको हिशेब मांडून बसलो.

आश्वासित प्रगती योजनेत १० वर्षांनंतर वरच्या पदाचे वेतन आधीच सुरू झालेले, म्हणून पगारात वाढ जवळजवळ नाहीच. उलट मंठ्यात भाड्याची खोली, एस.टी.चा खर्च. घरी अम्मींची शुगर, थोरलीची दहावी. बरे, नकार द्यावा तर योजनेचा लाभ थांबतो. न घेतली तरी नुकसान!

अब्बांनी इमाम अबू हनीफांचे नाव काढले. खलिफा मन्सूरने देऊ केलेले काझीपद त्यांनी नाकारले, त्यासाठी कैद सोसली. थोरली लगेच म्हणाली, “पण यूसुफ अलैहिस्सलामांनी तर खजिन्याची जबाबदारी स्वतः मागितली होती ना, दादाजान?” अब्बा हसले. दाखले मोठ्यांचे, आमचा प्रश्न मात्र अम्मींच्या इन्सुलिनचा होता.

आणि मशवरा त्यांच्याशीच सर्वांत शेवटी केला! ही चूक आमची. त्या म्हणाल्या, “सुई टोचायला मी शिकते. माझ्या नावावर नकार लिहू नका.”

इस्तिखारा करून होकार कळवला. पाच दिवसांचा आठवडा आहे, शुक्रवारी रात्री घर गाठतो. अम्मी सुई स्वतः घेतात. थोरलीचे बीजगणित फोनवर जमते, भूमिती रविवारपर्यंत अडून राहते.