आधी सांधे, मग अलाइनमेंट

चाकणच्या बाजारात कांदा-बटाटा नेणारी पिकअप गाडी एका बाजूस ओढू लागली की मालक तडक अलाइनमेंटचे दुकान गाठतो. सांधे ढिले असताना चाकांचा कोन बसविणे म्हणजे डळमळत्या खुंट्याला बैल बांधणे होय. पैसे जातात, दोष राहतो.

प्रथम टायर थंड असताना हवा मोजावी. नंतर पुढच्या दोन चाकांची अदलाबदल करावी. ओढ बाजू बदलते, तर दोष टायराचा. न बदलल्यास सपाट जागी, मागच्या चाकांना दगड लावून, पुढचे चाक जॅकवर उचलावे. गाडीखाली मात्र शिरू नये. चाक वर-खाली धरून हलविता खेळ जाणवल्यास बेअरिंग किंवा बॉल जॉइंट झिजला असावा. डावी-उजवीकडे धरून हलविता जाणवल्यास बहुधा टाय रॉडचे टोक. खेड घाटात भरल्या गाडीचे हे टोक निसटले, तर चालकाच्या हाती काहीच उरत नाही.

मूळ दोष पुष्कळदा ओझ्याचा असतो. 50 किलोच्या 30 पिशव्या म्हणजे दीड टन. नोंदणीपत्रात भरल्या व रिकाम्या गाडीचे वजन दिलेले असते. त्यांतील फरकात चालकही धरावयाचा, ही गोष्ट सोयिस्करपणे विसरली जाते. मागे भार वाढला की पाटे बसतात, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासे होते. ग्रामसेवकांनी कांदा निघण्यापूर्वीच ही जॅकची परीक्षा गावात करून दाखवावी.