अनुवाद यंत्राचा, जबाबदारी माणसाची

हसन मिनहाज यांच्या ‘होमकमिंग किंग’ (२०१७) या इंग्रजी स्टँड-अपमध्ये ‘लोग क्या कहेंगे’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. रशियन श्रोत्याला ते समजावून सांगावे लागत नाहीत. ‘श्तो ल्यूदी स्काझुत’, म्हणजे लोक काय म्हणतील, हे वाक्य त्याच्याही घरचेच आहे. अनुवादातून असे पूल सापडतात. आज कृत्रिम बुद्धिमत्ता तासाभराच्या कार्यक्रमाची रशियन सबटायटल्स काही मिनिटांत तयार करते. सॉफ्टवेअर अभियंता म्हणून मला या सोयीचे मोल कळते. प्रश्न एवढाच की, शेवटची सही कोणाची?

यंत्र अर्थ शोधते. विनोद मात्र अर्थ कधी उघड होतो यावर चालतो. इंग्रजीत ‘माय फ्रेंड सेड’ म्हणताना मित्र की मैत्रीण, हे शेवटपर्यंत झाकता येते. रशियनमध्ये, आपल्या मराठीप्रमाणेच, भूतकाळी क्रियापद ते लगेच सांगून टाकते. ‘इन्शाअल्लाह’चे यंत्र ‘देवाची इच्छा असेल तर’ असे करू शकते. अर्थ बरोबर, पण आईवडिलांचा गोड नकार त्यातून निसटला. कझानच्या तातार किंवा दागिस्तानी श्रोत्याला तर मूळ शब्दच जवळचा आहे.

हा केवळ भाषेच्या हौसेचा विषय नाही. २०२१ मध्ये मॉस्कोत इद्राक मिर्झालिझादे या अझरबैजानी वंशाच्या विनोदवीराला दहा दिवसांची कैद झाली. पुढे रशियात राहण्यास कायमची बंदी आली. घर भाड्याने देताना होणाऱ्या वांशिक भेदभावावर तो बोलत होता. संदर्भ तोडलेली क्लिप पसरली आणि भेदभाव सोसणाराच आरोपी ठरला. नाव ऐकून घर नाकारले जाणे आपल्या शहरांतही नवे नाही. त्याच वर्षी इंदूरमध्ये अटक झालेले मुनव्वर फारुकी महिन्याहून अधिक काळ तुरुंगात होते. एकाच भाषेत हे घडते, तर यंत्राने उपरोधाचे सरळ विधान करून ते दुसऱ्या भाषेत पाठवल्यास काय होईल? शिक्षा यंत्राला होत नाही, कलावंताला होते.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. कच्चा मसुदा यंत्राने करावा. दोन्ही भाषांतले हसू कळणाऱ्या माणसाने तो दुरुस्त करावा. त्याला श्रेय आणि मोबदला मिळावा. न तपासलेल्या सबटायटल्सवर ‘यंत्रानुवाद’ असे स्पष्ट लिहावे. आणि आपण प्रेक्षकांनी, क्लिप पुढे पाठवण्याआधी, पूर्ण कार्यक्रम पाहावा.