लिहिणं थांबतच नसेल तर…

घरातलं कुणी अचानक रात्रंदिवस लिहू लागलं, वह्यांमागून वह्या भरू लागलं, की दोन प्रतिक्रिया हमखास येतात. ‘आत्मचरित्र लिहितायत वाटतं’ हे कौतुक, नाहीतर ‘डोकं फिरलंय’ हा शिक्का. दोन्हींत डॉक्टरांकडे जायचं राहून जातं.

या अनावर लेखनाला वैद्यकशास्त्रात ‘हायपरग्राफिया’ म्हणतात. स्टीफन वॅक्समन आणि नॉर्मन गेश्विंड या अमेरिकी मेंदूतज्ज्ञांनी १९७४ मध्ये अपस्माराच्या अशा काही रुग्णांचं वर्णन केलं. त्यांच्या फिट्सचं मूळ कानाच्या पातळीवर असलेल्या ‘टेम्पोरल लोब’ या मेंदूच्या भागात होतं. या अपस्मारात हातपाय झाडले जातातच असं नाही. रुग्ण काही क्षण एकटक बघत राहतो, तोंड चघळल्यासारखं हलवतो, कधी नसलेला वास येतो. घरच्यांना ती फिट वाटतच नाही. भरलेल्या वह्या मात्र दिसतात. अपस्माराच्या बहुतेक रुग्णांत असं लेखन आढळत नाही. पण आढळलं तर तो दुवा ठरू शकतो.

इथे लोक लगेच दोस्तोयेव्हस्कीचं नाव घेतात. त्याला अपस्मार होता हे खरं. पण ‘द गॅम्बलर’ ही कादंबरी त्याने १८६६ मध्ये महिनाभरात संपवली ती प्रकाशकाशी केलेल्या कराराच्या धाकाने, आणि तीही लघुलेखिकेला तोंडी सांगून! मेलेल्या लेखकांचं निदान करण्याची ही हौस आपण आवरायला हवी. आजाराला प्रतिभेचं वलय मिळालं की उपचार लांबतात.

उन्मादाच्या अवस्थेतही असं लेखन होतं. बोस्टनच्या मेंदूतज्ज्ञ अ‍ॅलिस फ्लाहर्टी यांना अकाली जन्मलेली जुळी मुलं गेल्यानंतर लेखनाने असंच झपाटलं. त्यावर त्यांनी २००४ मध्ये पुस्तकही लिहिलं.

आपल्याकडे ज्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होतं ते कारण म्हणजे औषध. कंपवातावरच्या, डोपामिनसारखं काम करणाऱ्या काही गोळ्यांमुळे काही रुग्णांना जुगाराचा, खरेदीचा किंवा एकच गोष्ट तासन्‌तास करत बसण्याचा नाद लागतो. त्यात लेखनही येतं. जुगाराची लाज वाटते म्हणून तो लपवला जातो आणि लेखन निरुपद्रवी म्हणून सांगितलंच जात नाही. डॉक्टरांनीही हे आपणहून विचारायला हवं, आणि गोळी सुरू करतानाच घरच्यांना सांगून ठेवायला हवं. डोस बदलून बऱ्याचदा फरक पडतो. मात्र गोळ्या स्वतःहून बंद करू नका. त्या एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

किती पानं लिहिली याला फारसा अर्थ नाही. हे कधी सुरू झालं, झोप किती उरली, अडवलं तर माणूस बिथरतो का, त्याच सुमारास कोणती नवी गोळी सुरू झाली, हे सांगा. आणि वह्या रद्दीत घालू नका. असे रुग्ण कित्येकदा तारीख-वेळेसह लिहितात. एखादी वही तपासणीला जाताना सोबत न्या.