गुरुजी तासिकेवरचे, वर्ग पडद्यावरचा

रविवारची रात्र. अमेरिकेतल्या एखाद्या गावात घड्याळ अकरा वाजून एकोणसाठ मिनिटं दाखवतं आणि वर्गाचं दार बंद होतं. दार म्हणजे खरोखरचं दार नव्हे. आठवड्याचा गृहपाठ कम्प्युटरवर चढवण्याची मुदत संपते, इतकंच. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉफीचा मग ठेवून गुरुजी वाचायला बसतात. एकानं पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रावर तीन पानं लिहिली आहेत. दुसरीनं मरणाच्या दारातल्या पेशंटच्या उशाशी बसून पाळकानं काय बोलावं, काय बोलू नये याचा विचार मांडलाय. तिसऱ्याचा गृहपाठ नाही, नुसता निरोप आहे: वडील गेले, दोन दिवस द्या.

गुरुजींना स्वतःला सकाळी दुसऱ्या नोकरीवर जायचंय.

अमेरिकेत ईश्वरविज्ञान आणि मंडळीची सेवा हे विषय ऑनलाइन शिकवणाऱ्या कितीतरी शिक्षकांचं हे असंच चालतं. आपल्याकडे कॉलेजात तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक असतात ना, त्यांचेच हे सातासमुद्रापारचे भाऊबंद. तिकडे त्यांना अ‍ॅडजंक्ट म्हणतात. अमेरिकेतल्या कॉलेज-शिक्षकांपैकी सुमारे दोन तृतीयांश असे कायमस्वरूपी नसलेलेच आहेत. ईश्वरविज्ञानवाल्यांत कुणी लहानशा चर्चचा पाळक असतो, कुणी हॉस्पिटलातला धर्मसेवक, तर कुणी डॉक्टरेट घेऊनही कायमची जागा न मिळालेला विद्वान.

नेमणूक होते ती एका कोर्सपुरती. कोर्स बहुधा आठ आठवड्यांचा. पुष्कळ ठिकाणी धडे, पुस्तकं, प्रश्न सगळं आधीच दुसऱ्या कुणीतरी बेतून ठेवलेलं असतं. गुरुजींनी शिकवायचं, तपासायचं आणि विद्यार्थ्यांना धरून ठेवायचं. प्रवेश कमी झाले, तर कोर्स रद्द. तयारी केली ती पाण्यात.

आता थोडा हिशेब करू. समजा वर्गात वीस जण आहेत. प्रत्येकानं आठवड्याला एक टिपण लिहायचं आणि दोघांच्या टिपणांना उत्तर द्यायचं. झाली साठ टिपणं. एकेकाला पाच मिनिटं धरली तरी पाच तास. शिवाय वीस निबंध, प्रत्येकी वीस मिनिटं, म्हणजे आणखी पावणेसात तास. आठ आठवड्यांचे जवळपास ९५ तास झाले. निरोपांना उत्तरं, फोन, रडगाणी ऐकणं हे यात धरलेलंच नाही. समजा कोर्समागे तीन हजार डॉलर मिळाले, तर ताशी तीसेक डॉलर पडतात. ऐकायला बरं वाटतं. पण वर्षात असे सहा कोर्स मिळाले तरी कमाई १८ हजार डॉलर! तेवढ्यात अमेरिकेत कुटुंब चालत नाही. त्यातून आरोग्यविमा बहुधा नसतोच. २०१०च्या आरोग्यविमा कायद्यानं आठवड्याला ३० तास काम करणाऱ्याला पूर्णवेळ मानलं आणि मोठ्या संस्थांवर त्याच्या विम्याची जबाबदारी टाकली. परिणाम काय? अनेक कॉलेजांनी अर्धवेळवाल्यांचे कोर्सच मोजूनमापून दिले.

मग संघटना बांधावी, कोर्टात जावं? तिथंही पेच आहे. १९७९ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, की चर्चतर्फे चालणाऱ्या शाळांतल्या शिक्षकांवर राष्ट्रीय कामगार मंडळाचा अधिकार चालत नाही. २०२०मध्ये खुद्द मंडळानंच धार्मिक कॉलेजांच्या बाबतीत हात आखडता घेतला. २०१२ आणि २०२०च्या निकालांनी आणखी एक गोष्ट पक्की केली: धार्मिक संस्थेत जो धर्म शिकवतो, त्याला नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध दाद मागणं जवळपास अशक्य आहे. धर्मस्वातंत्र्य जपण्यासाठी कोर्टानं हे केलं, हे खरं. पण त्याची किंमत मोजतो तो टेबलाशी बसलेला शिक्षक.

दूर बसून धर्म शिकवणं हे मात्र इंटरनेटचं खूळ नव्हे. विल्यम रेनी हार्पर या अमेरिकन पंडितानं १८८०च्या दशकातच टपालानं हिब्रू भाषा शिकवली. पुढे हेच गृहस्थ शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले. शिकागोच्याच मूडी बायबल इन्स्टिट्यूटनं १९०१मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. १९६३ साली ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीच्या लोकांच्या लक्षात आलं, की खेड्यातल्या मंडळ्या सांभाळणारी माणसं शेत आणि संसार सोडून शिकायला येऊच शकत नाहीत. मग त्यांनी शाळाच त्यांच्या दाराशी नेली. घरी अभ्यास आणि ठरलेल्या दिवशी जवळच्या केंद्रावर गुरुजींची भेट. ही पद्धत जगभर पसरली. भारतात याच धर्तीवर १९७१ साली टॅफ्टी ही संस्था उभी राहिली. तिचं कार्यालय बंगळूरला.

तरीही एक शंका जुन्या मंडळींच्या मनातून जात नाही. गणित पडद्यावर शिकवता येईल, पण पाळक घडवता येईल का? सेमिनरीत विद्यार्थी नुसती पुस्तकं वाचत नाहीत. एकत्र जेवतात, प्रार्थना करतात, भांडतात, समेट करतात. अमेरिका-कॅनडातल्या सेमिनरींना मान्यता देणाऱ्या संघटनेनं म्हणूनच मास्टर ऑफ डिव्हिनिटी या किमान ७२ क्रेडिटच्या पदवीसाठी काही काळ आवारात राहण्याची अट वर्षानुवर्षं जपली. हळूहळू सवलती आल्या आणि जून २०२०च्या नव्या निकषांत ती सक्ती उरली नाही. त्या वर्षी कोरोनानं सगळ्यांनाच पडद्यासमोर बसवलं होतं, हा योगायोग.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. पडद्यावरचा विद्यार्थी आपली मंडळी सोडून आलेला नसतो. सकाळी शिकलेलं तो संध्याकाळी कुणाच्या तरी घरी, आजाऱ्यापाशी, मयताच्या ओट्यावर वापरून पाहतो. रात्रपाळीची नर्स, ट्रक ड्रायव्हर, तीन मुलांची आई यांना सेमिनरीचं दार एरवी उघडलं असतं का? नव्या तंत्रानं आता गुरुजींपुढे आणखी एक काम वाढवलंय. निबंध विद्यार्थ्यानं लिहिला की यंत्रानं, हे ओळखायचं. अनुभवी शिक्षक त्यावर साधा तोडगा काढतात. ‘तुमच्या मंडळीत या महिन्यात काय घडलं ते लिहा’, असा प्रश्न घालतात. तिथं यंत्राला मनाचं काहीतरी रचावं लागतं आणि पुढचा प्रश्न विचारला की ते उघडं पडतं.

आपल्याकडचं कुणी असं शिकवायला किंवा शिकायला जाणार असेल, तर काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. संस्थेला मान्यता कुणाची? (भारतात श्रीरामपूर कॉलेजच्या सिनेटचं नाव यात मोठं. १८१८ साली कॉलेज स्थापणाऱ्यांपैकी एक असलेल्या विल्यम केरीनंच १८०५मध्ये मराठीचं व्याकरण छापलं होतं.) शिक्षकानं विचारावं: कोर्स ऐनवेळी रद्द झाला तर तयारीचे पैसे मिळणार का? आपण लिहिलेले धडे कुणाच्या मालकीचे? यात लाजण्यासारखं काही नाही. सेवा म्हणून केलेल्या कामालाही घरभाडं चुकत नाही.

आता तो रविवारचा निरोप. नियम सांगतो, उशीर झाला की गुण कापा. गुरुजी काय करतात? शहाणा असेल तो आधी गुणांचं बोलतच नाही. वडिलांचं नाव विचारतो, अंत्यविधी कधी आहे ते विचारतो आणि शक्य असेल तर फोन करतो. त्या दहा मिनिटांचे पैसे कुठल्याच करारात नसतात. पण शोकात असलेल्या माणसाशी पाळकानं कसं वागावं, हा धडा त्या विद्यार्थ्याला नेमका तिथं मिळतो.