दुकान गेलं, पत्ता राहिला

हैदराबादेत कुणाला पत्ता विचारला की बरेचदा बंद पडलेल्या दुकानाचं नाव ऐकायला मिळतं. आबिड्सचंच घ्या ना. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी अल्बर्ट आबिद नावाचे आर्मेनियन गृहस्थ होते. त्यांनी इथं दुकान काढलं. ते दुकान आज हयात असलेल्या कुणी पाहिलेलं नाही, तरी सगळा भाग अजून त्याच्याच नावाने ओळखला जातो. काचीगुडा-सुलतान बाजारकडची आपली मंडळीसुद्धा "जरा आबिडला जाऊन येते" असं सहज म्हणतात, आणि आपण एका दुकानदाराचं नाव घेतोय हे कुणाच्या ध्यानातही नसतं.

आता मॉलकडे या. कुकटपल्ली भागात 2014 साली फोरम सुजाना मॉल उघडला. मालकी बदलली आणि 2022 मध्ये त्यावर नेक्सस ही पाटी चढली. जवळच मंजिरा मॉल होता. 2023 मध्ये त्याच इमारतीत लुलु मॉल सुरू झाला. प्रसाद्समध्ये 2003 साली आयमॅक्सचा पडदा आला. आयमॅक्सशी असलेलं नातं पुढे संपलं, तरी लोक अजून "आयमॅक्सला" पिक्चर बघायला जातात. बिग बाजार 2001 मध्ये सुरू झालं तेव्हाच्या पहिल्या दुकानांपैकी एक आपल्या शहरात होतं. फ्युचर ग्रुप कर्जात बुडाला, 2022 मध्ये रिलायन्सने त्यांच्या अनेक दुकानांचा ताबा घेतला आणि त्यांतली कित्येक स्मार्ट बाजार म्हणून पुन्हा उघडली. ऑटोवाल्याला "नेक्सस" म्हणून बघा, तो विचारतो, "कौनसा नेक्सस? फोरम बोलो ना!"

म्हणजे लोकांची जीभ जुनं नाव सोडायला तयार नसते. मॉलच्या आत मात्र जुन्याची कसलीच खूण सापडत नाही. दुकान बंद झालं की त्या गाळ्यापुढे रातोरात पांढरा बोर्ड उभा राहतो. त्यावर मोठ्या अक्षरांत "लवकरच येत आहोत" असं लिहिलेलं असतं. कोण गेलं, का गेलं, कुठे गेलं, याबद्दल अक्षर नसतं. दुकानं बदलतात याबद्दल माझी तक्रार नाही, कारण बाजार म्हटला की तो बदलणारच. पण बदलताना मागचं सगळं पुसून टाकायची जी पद्धत मॉलने आणली, ती आपण फार सहज स्वीकारली आहे असं मला वाटतं.

ही पद्धत कुणाच्या दुष्टपणातून आलेली नाही. ती भाड्याच्या हिशेबातून आली आहे. मॉलमध्ये एखादं मोठं दुकान किंवा मल्टिप्लेक्स 'अँकर' असतं. त्याच्यामुळे गर्दी येते, म्हणून त्याला जागा स्वस्तात मिळते. लहान गाळ्यांना दर चौरस फुटाला जास्त भाडं पडतं. वर एसी, सफाई, सुरक्षा यांचा खर्च वेगळा. कित्येक करारांत ठरलेलं किमान भाडं किंवा विक्रीतला ठरावीक हिस्सा, यांतलं जे जास्त असेल ते मोजावं लागतं. करार काही वर्षांचा असतो. त्या वर्षांत विक्री जमली नाही तर शटर खाली. अशा हिशेबात ज्या मालावर नफा थोडा आणि जो विकायला वेळ लागतो, तो आधी बाहेर पडतो. पुस्तकं त्यातच येतात.

म्हणूनच गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली मॉलमधली दुकानांची यादी वाचली तर आपल्या सवयींचा इतिहासच हाती लागतो. सुरुवातीच्या काळात सीडी-कॅसेटची दुकानं असायची. प्लॅनेट एम, म्युझिकवर्ल्ड ही नावं आमच्या आई-वडिलांच्या पिढीला पाठ होती. तिथं हेडफोन लावून गाणं ऐकायचं आणि न विकत घेताही बाहेर पडायचं, अशी सोय असे. गाणी फोनमध्ये आली आणि ती दुकानं संपली. लँडमार्कसारखी मोठी पुस्तकांची दुकानं आली, मग त्यांच्या कपाटांतून पुस्तकं कमी आणि खेळणी, वह्या, भेटवस्तू जास्त दिसू लागल्या, आणि शेवटी तीही गेली. आता तळमजल्यावर सौंदर्यप्रसाधनं आणि कॉफी, वर खाणं आणि मुलांचे खेळ. जी वस्तू घरबसल्या मागवता येते तिला मॉलमध्ये जागा कमी होत चालली आहे. ज्यासाठी स्वतः उठून जावंच लागतं, तेच तिथं टिकतंय.

जुन्या बाजारांचं तरी काय वेगळं झालं, असं कुणी म्हणेल. मोअज्जम जाही मार्केट बघा. 1935 चं दगडी बांधकाम, सातव्या निजामांच्या मुलाचं नाव, एका छताखाली अनेक दुकानं. त्या काळचा मॉलच म्हणा ना! तिथला घाऊक फळबाजार पुढे दुसरीकडे हलला. पण फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या एका कुटुंबाने 1953 मध्ये तिथं कराची बेकरी सुरू केली, आणि तिची बिस्किटं आज पाहुण्यांच्या बॅगेतून जगभर जातात. आइस्क्रीमवाले पिढ्यान्‌पिढ्या तिथंच आहेत. भाडेकरू टिकले म्हणून त्या जागेला आठवण राहिली. याची दुसरी बाजूही आहे. थोडं भाडं आणि सरकारी दुर्लक्ष यांमुळे ती सुंदर इमारत कितीतरी वर्षं कळाहीन होऊन उभी होती. 2020 मध्ये डागडुजी झाली तेव्हा कुठे ती पुन्हा उजळली. त्यामुळे जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही.

शिवाय मॉलने आम्हा मुलींना जे दिलं ते सुलतान बाजारने कधीच दिलं नाही. स्वच्छ बाथरूम, उजेड, लिफ्ट, आणि कुणी टक लावून न बघता मैत्रिणींबरोबर दोन तास बसता येईल अशी जागा. मॉलला नावं ठेवणारे लेख बहुतेक वेळा हे विसरतात. आजी व्हीलचेअरवरून जिथं फिरू शकते असे बाजार या शहरात किती आहेत?

पण पुसून टाकण्याची किंमत कुणीतरी मोजतंच. माझ्या ओळखीची एक ताई सहा वर्षांत एकाच मॉलच्या एकाच मजल्यावर तीन दुकानांत काम करत आली आहे. आधी अत्तरं, मग चपला-बूट, आता मोबाइलची कव्हरं. मॉल तोच, जिना तोच, फक्त टी-शर्टचा रंग बदलला. पहिलं दुकान गेलं तेव्हा अनुभवाचं पत्र मागायला जावं असं ऑफिसच शहरात उरलं नव्हतं. पीएफच्या कागदांसाठी ती कितीतरी महिने मेल पाठवत होती. दर वेळी नव्या दुकानात तिची सुरुवात शिकाऊ म्हणूनच झाली. गिऱ्हाईकाला कसं बोलावं, कुठली गर्दी नुसती बघायला आलेली आहे आणि कोण खरंच घेणार आहे, हे तिला मॅनेजरपेक्षा जास्त कळतं. पण त्या कळण्याची नोंद कुठंच नाही. आपण म्हणतो "अरे, इथं नवीन दुकान आलं वाटतं!" आणि तिचं जुनं दुकान त्या वाक्यात दिसतही नाही.

आता आपल्या मंडळाच्या कामाचं बोलू. 1956 मध्ये मराठवाडा वेगळा झाला, तरी इथली मराठी घरं इथंच राहिली. 1907 पासूनची विवेक वर्धिनी आजही जांबागेत आहे. मराठी माणसं आहेत, वाचणारीही आहेत. तरी या शहरातल्या मॉलमध्ये मराठी पुस्तकांचं एक कपाट मला कधी दिसलं नाही. पुस्तकांची दुकानं होती तेव्हाही दिसलं नव्हतं. मराठी पुस्तक अचानक हाती लागलं तर ते रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर. आणि तो बाजार भरतो कुठे? रविवारी बंद असलेल्या दुकानांच्या शटरपुढे. दुकानं बंद असतात म्हणून पुस्तकांना जागा मिळते. मॉलमध्ये असं होऊच शकत नाही, कारण मॉलला रविवारची सुट्टी नसते, उलट त्याच दिवशी त्याची कमाई जास्त.

सुट्टीवरून आठवलं. डिसेंबर उजाडला की मॉलच्या मधल्या चौकात ख्रिसमसचं उंच झाड उभं राहतं. आम्ही कॅथलिक लोक तेव्हा आगमनकाळात असतो, म्हणजे अजून वाटच बघत असतो. आमचा नाताळ 25 तारखेला सुरू होतो आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. मॉलचा नाताळ तेव्हा संपत आलेला असतो. लगेच वर्षअखेरच्या सेलचे फलक लागतात, मग संक्रांतीचे. झाडाचा राग नाही, ते बघायला मलाही आवडतं. पण वाट बघणं आणि नंतर काही दिवस मनात धरून ठेवणं, या दोन्ही गोष्टी मॉलच्या कॅलेंडरात बसत नाहीत.

मग करायचं काय? मॉल खासगी मालमत्ता आहे, त्याला भाडं सोडा म्हणून सांगायचा आपल्याला अधिकार नाही. पण ज्या चौकात महिनाभर नवी मोटारगाडी मांडून ठेवतात, तिथं महिन्यातला एक शनिवार तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी अशा जुन्या पुस्तकांना द्या, असं पत्र चार कॉलेजांनी मिळून लिहिलं तर ते वाचलं जाईल. गर्दी खेचण्यासाठीच मॉल धडपडत असतात, तेव्हा त्यांनाही ते सोयीचं आहे.

दुसरं काम आपल्या हातातलं आहे, त्याला परवानगीही नको. लिफ्टशेजारी लावलेली दुकानांची यादी दर वर्षी एकदा उतरवून घ्यायची. कुठल्या गाळ्यात आधी काय होतं हे तिथल्या सुरक्षारक्षकाला, सफाई करणाऱ्या मावशींना, काउंटरवरच्या ताईला विचारायचं आणि मराठीत लिहून ठेवायचं. येत्या सत्रात दोघी-दोघींच्या गटाने एकेक मजला वाटून घेतला तर दिवाळीपर्यंत एका मॉलची वही तयार होईल. ज्यांना यायचं असेल त्यांनी मंडळाच्या फलकावर नाव लिहावं. पहिला मजला मी घेते.