ऑनलाइन थेरपी: पेशंटना चालते, मग थेरपिस्ट का बिचकतात?

इन्स्टाग्राम स्क्रोल करताना मध्येच ऑनलाइन थेरपीची जाहिरात येतेच. घरबसल्या बोला, मन मोकळं करा, पहिलं सेशन स्वस्तात. पण ज्यांच्याशी बोलायचं, त्या थेरपिस्टना या प्रकाराबद्दल काय वाटतं, हे त्या जाहिरातीत कधी नसतं.

थोडक्यात सांगायचं तर, त्यांना हे चालतं. मनापासून आवडतंच असं नाही.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये जगभरातल्या थेरपिस्टना रातोरात व्हिडिओ कॉलवर यावं लागलं. तेव्हा अमेरिकेतल्या येशिवा युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी उत्तर अमेरिका आणि युरोपमधल्या १४५ थेरपिस्टची मतं घेतली. बहुतेकांचं मत बऱ्यापैकी अनुकूल निघालं. पण सोबत तक्रारीही होत्या. थकवा जास्त येतो, समोरच्याशी जोडलं गेल्यासारखं वाटत नाही, आपण नीट काम करतोय याचा विश्वास कमी होतो. सीबीटी करणारे, म्हणजे विचारांच्या सवयी तपासून पेशंटला गृहपाठ देणारे थेरपिस्ट ऑनलाइनबद्दल जास्त सकारात्मक होते. मनोविश्लेषणाच्या वाटेने जाणारे जास्त साशंक.

गंमत म्हणजे मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड पेशंटला कोचावर झोपवून स्वतः त्याच्या डोक्यामागे बसायचे. दिवसभर कुणी आपल्याकडे टक लावून बघावं, हे त्यांना सहन व्हायचं नाही. १९०९ मध्ये त्यांनी छापलेली 'लिटल हान्स'ची प्रसिद्ध केस तर मुख्यतः त्या मुलाच्या वडिलांनी पाठवलेल्या नोंदींवर चालली होती. आपल्याकडेही मुंबईच्या टिसची 'आयकॉल' सेवा २०१२ पासून फोन आणि ईमेलवर समुपदेशन करतेय. म्हणजे लांबून थेरपी काही झूमने शोधलेली नाही.

मग अडतं कुठे?

पेशंटचं फारसं अडत नाही. सिम्पसन आणि रीड या संशोधकांनी २०१४ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा थेरपिस्टशी जुळलेलं नातं पेशंटना व्हिडिओवरही समोरासमोर असल्याइतकंच घट्ट वाटत होतं. थेरपिस्टनीही चांगले गुण दिले, पण बऱ्याचदा पेशंटपेक्षा थोडे कमी.

याला थेरपिस्टचा हेका म्हणून सोडून देता येईल. पण मला त्यांची एक अडचण पटते, ती म्हणजे खोलीची.

क्लिनिकमध्ये दार बंद करण्याची जबाबदारी थेरपिस्टची असते. आतलं बाहेर जाणार नाही, हे तो स्वतः बघतो. ऑनलाइन सेशनमध्ये ती खोली पेशंटने आणायची असते. आता वन रूम किचनमध्ये राहणारी, सासूबद्दल बोलायचं असलेली सून ती कुठून आणणार? सासू भिंतीपलीकडे भाजी निवडतेय. मग गच्चीवर, जिन्यात, पार्किंगमधल्या गाडीत बसून बोलायचं. इअरफोनमुळे थेरपिस्टचा आवाज लपतो, आपला नाही. "हो", "नाही", "नंतर सांगते" एवढ्यावर सेशन चालतं, आणि पलीकडच्या थेरपिस्टला कळत नाही की पेशंट गप्प आहे की कुणीतरी आत आलंय. घरात मारहाण होत असेल, तर हे थेट जिवावर बेतू शकतं.

दुसरी भीती संकटाच्या वेळची. समोर बसलेला पेशंट आत्महत्येबद्दल बोलू लागला, तर थेरपिस्ट त्याला थांबवून घेऊ शकतो, घरच्यांना बोलावू शकतो. स्क्रीनवरच्या माणसाने कॉल कट केला तर? तो नेमका कुठे आहे, हेही माहीत नसू शकतं.

आणि ॲपवरून बोलत असाल, तर खोलीत तिसरंही कुणी असू शकतं. अमेरिकेत 'बेटरहेल्प' या कंपनीने ग्राहकांची आरोग्याविषयीची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने केला. २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर्स भरून ते प्रकरण मिटलं.

तरीही ऑनलाइन का हवं?

कारण पर्यायच कमी आहेत. एका अंदाजानुसार देशात एक लाख लोकांमागे जेमतेम ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ होते. परभणी किंवा सावंतवाडीतल्या माणसाला पुण्याची दर आठवड्याची फेरी परवडत नाही. शिवाय गावात क्लिनिकची पायरी चढताना कुणी पाहील, ही धास्ती वेगळीच. परदेशात राहून मराठीत रडू इच्छिणाऱ्यांचं तर विचारूच नका.

नियमांचं म्हणाल, तर २५ मार्च २०२० ला आलेली टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअॅट्रिस्ट त्यात येतात. औषधं न देणारे समुपदेशक येत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे होते, ती आहे का, हे सेशन बुक करण्याआधी बिनधास्त विचारा.

पहिल्याच सेशनला थेरपिस्टने तुम्ही आत्ता कुठे आहात, जवळ कुणी आहे का, गरज पडली तर कुणाला फोन करू, असं विचारलं तर त्याला चौकशा समजू नका. आत कुणी आलं तर बोलायचा एखादा ठरलेला शब्दही तेव्हाच ठरवून घ्या. आणि आत्ता, या क्षणी कुणाशी बोलायची गरज असेल, तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरवर मोफत आहे. कॅमेरा लागत नाही.