दुखणे निसर्गाचे, अन्याय माणसांचा

जव्हारजवळचा शिरपामाळ पाहण्यास माणसे लांबून येतात. सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचे जव्हारच्या राजांनी येथे स्वागत केले, असे सांगतात. आम्ही मात्र आज जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरील एका दुखण्याविषयी बोलणार आहोत. त्याचे नाव सिकलसेल. हा आजार वारली-कातकरी घरांत आढळतो, तसाच विदर्भातील आपल्या बौद्ध घरांतही आढळतो. तेव्हा हा प्रश्न परक्यांचा नाही.

या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांना पुरेसे रक्त पोचत नाही. मग पोराचे हातपाय, पाठ, पोट असे ठणकते की सारे घर रात्रभर जागे राहते. मजुरी बुडते. चार दिवसांनी तेच पोर अंगणात खेळते, तेव्हा शेजारी म्हणतात नाटक करते, शाळेत म्हणतात दांडी मारते. आईबापांच्या मनात एकच प्रश्न घोळतो : आमच्याच लेकराच्या वाट्याला हे का?

ही भावना जगभरच्या आईबापांची आहे. २००८ साली कॅनडातील मानसशास्त्रज्ञ मायकेल सुलिव्हन यांनी दुखण्याने गांजलेल्या माणसाची अन्यायाची भावना मोजण्यासाठी १२ विधानांची प्रश्नावली तयार केली. पुढे आजारी मुलांच्या आईबापांनाही तसेच प्रश्न विचारले गेले. परंतु या भावनेत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या केल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, आजार आला कोठून? आई आणि बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते. एकट्या आईकडून हा आजार येत नाही. तरी बोल लागतो तो सुनेलाच! हे पूर्वजन्मीचे पापही नव्हे. पूर्वजन्मीच्या कर्माची समजूत बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारली आहे. ॲलिसन या शास्त्रज्ञाने १९५४ साली आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले, की वाहकाला हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. म्हणून हिवतापाच्या मुलखांत हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकला. येथे गुन्हेगार कोणीच नाही.

दुसरी गोष्ट माणसांनी केलेल्या अन्यायाची. दिवाळीनंतर पाड्यांवरची कुटुंबे वीटभट्टीवर जगायला जातात. थंडी, ताप, अतिश्रम, पाण्याची कमतरता यांनी हे दुखणे उसळते, आणि भट्टीवर यांतले काय नसते? हायड्रॉक्सीयुरिया हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतल्यास दुखण्याचे झटके कमी होतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीची मोहीम सुरू केली. एवढे असूनही औषध संपले म्हणून आईला रिकाम्या हाताने परत पाठवले, तर ते नशीब नव्हे, तो अन्याय होय. त्याविरुद्ध लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी, एकट्याने न जाता चौघांनी मिळून जावे.

आईबापांनी एक वही ठेवावी. दुखणे केव्हा उठले, किती दिवस टिकले, कोणते औषध दिले, हे तारखेसह लिहावे. दवाखान्यात आणि शाळेत ती वही उपयोगी पडते. गाव सोडताना तपासणीचे कार्ड आणि पुरेशी औषधे बरोबर घ्यावीत. लग्न जमवताना पत्रिका बाजूला ठेवून दोघांचे रक्त तपासावे.

आणि पोरासमोर नशिबाला बोल लावू नये. आपणच घराला ओझे झालो, असे त्याला वाटते. कोठे दुखते ते विचारावे आणि सांगेल त्यावर विश्वास ठेवावा. महिला मंडळांनी एखाद्या रविवारी आरोग्य सेविकेला विहारात बोलवावे आणि ही माहिती सर्वांना करून द्यावी. सुनेच्या माथ्यावरचा खोटा आळ उतरला, तरी घराचे अर्धे दुःख हलके होईल.